अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या मराठी दप्तरांत बसणाऱ्याला काही शब्द वारंवार भेटतात. 'अस्सल बरहुकूम नक्कल' हा त्यांतलाच एक. मूळ सनद किंवा निवाडा धन्याच्या पेटीत राहावयाचा. कामकाजाला लागे ती नक्कल, आणि ती मुळाबरहुकूम आहे असे कोणा जबाबदार माणसाने लिहून दिल्यावाचून तिला कवडीची किंमत नसे. दुसरा शब्द 'शिक्कामोर्तब'. आज आपण तो 'काम पक्के झाले' एवढ्याच अर्थाने वापरतो. पण शिक्का निराळा आणि मोर्तब निराळे. शिक्का पत्राच्या माथ्यावर बसे आणि हे पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब पत्र जेथे संपले तेथे, अगदी शेवटच्या अक्षरांना भिडवून उठवीत. म्हणजे पुढे कोणा शहाण्याने एखादी ओळ घुसडू म्हटले तर तिला जागाच उरू नये. पत्र कोणाचे आणि ते जसे निघाले तसेच पोचले का, हे दोन प्रश्न आपल्या पूर्वजांनी असे वेगळे ओळखले होते.

वसमतसारख्या गावाला या प्रश्नांची सवय जुनी आहे. निजामी अंमलात दप्तर आधी फार्सीत, मग उर्दूत. १९४८ साली निजामी गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९९९ मध्ये वसमत तालुका परभणी जिल्ह्यातून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेला. वरचा हुकूम इतक्यांदा बदलला, तरी कुळाचा प्रश्न एकच राहिला : माझ्या जमिनीचा हा कागद खरा कशावरून? १ मे २०१८ पासून महाराष्ट्र सरकारने सातबारा डिजिटल सहीनिशी देण्यास आरंभ केला. उतारा आता संगणकावर किंवा मोबाइलवर मिळतो, आणि सही शाईऐवजी आकड्यांची असते.

पण हा उतारा आपण पाहतो कशात? ब्राउझर नावाच्या खिडकीत. बँकेचे खाते, पीकविम्याचा अर्ज, मुलांचा निकाल, हळदीचा भाव, सारे याच खिडकीतून. आणि गंमत अशी, की ही खिडकी स्वतःच एक नक्कल असते. ती कोणी केली, मुळाबरहुकूम कशावरून, आणि मुळातच दोष निघाला तर नकलेत तो कोणी व किती दिवसांत दुरुस्त करावयाचा, याचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास कोणत्याही दरबारी कारस्थानाइतका रंगतदार आहे. त्यात आपल्या देवनागरीचेही एक प्रकरण आहे.

विंडोज वापरणाऱ्याला ब्राउझर बहुधा त्याच्या कर्त्याकडूनच मिळतो. लिनक्सची रीत निराळी. लिनक्स हे १९९१ साली लिनस टॉर्वाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने आरंभिलेले काम. त्याची मूळ संहिता, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर, सर्वांना खुली. तिच्याभोवती हजारो निरनिराळ्या कर्त्यांचे कार्यक्रम गोळा करून, एकमेकांशी जुळवून, जो संच लोकांना देतात त्याला वितरण म्हणतात. १९९३ साली ईअन मर्डॉक याने सुरू केलेले डेबियन हे अशा वितरणांतले एक वडीलधारे घराणे. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये काढलेले 'बॉस' हे भारतीय वितरणही डेबियनच्याच खोडावर कलम केलेले आहे. डेबियनमध्ये प्रत्येक कार्यक्रमाचे एक गाठोडे असते, त्याला पॅकेज म्हणतात, आणि प्रत्येक गाठोड्याला एक कारभारी असतो. हा कारभारी बहुतेक वेळा बिनपगारी. तो कर्त्याकडून तयार माल घेत नाही. मूळ संहिता घेतो, आणि डेबियनच्या यंत्रांवर ती नव्याने बांधली जाते. कारण तयार मालात काय दडले आहे हे कोणाला दिसत नाही, संहिता मात्र वाचता येते.

संहिता वाचता येते म्हणजे बदलताही येते. येथूनच सारा इतिहास सुरू होतो.

प्रथम देवनागरीचे प्रकरण. फायरफॉक्स हा ब्राउझर नोव्हेंबर २००४ मध्ये बाहेर पडला आणि लिनक्सवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. परंतु मोझिला या त्याच्या कर्त्या संस्थेने लिनक्ससाठी बांधून दिलेल्या प्रतीत मराठी मजकूर उघडला की अक्षरांचा नुसता बाजार मांडलेला दिसे. रोमन लिपीत अक्षरे एकामागून एक ठेवली की काम भागते. आपल्याकडे ह्रस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिण्यात आधी. र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरात एकजण अर्धा होतो. ही घडण न जाणणाऱ्या ब्राउझरात 'हिंगोली'ची वेलांटी ह च्या मागे जाऊन बसे आणि 'पूर्णा'तला रफार पाय मोडून जमिनीवर पडे. 'वसमत' तेवढे सुखरूप! चार अक्षरे, काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. ज्या ब्राउझरात जिल्ह्याचे नाव धड उमटत नसे त्यात तालुक्याचे नाव ठणठणीत वाचता येई.

या दुखण्यावर औषध होते. 'पँगो' नावाचा अक्षरे घडविणारा ग्रंथालयवजा कार्यक्रम लिनक्सवर होता. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, असे त्याचे संकरित नाव. रेड हॅट कंपनीच्या आश्रयाखालील फेडोरा या वितरणाने फायरफॉक्सच्या आपल्या पॅकेजात पँगो जोडून दिले. रेड हॅटच्या पुण्याच्या कचेरीत भारतीय भाषांचे काम चाले, हे येथे सांगण्यासारखे. पँगोमुळे पान सावकाश उमटते अशी इंग्रजी वाचणाऱ्यांची कुरकुर होती, म्हणून काही ठिकाणी तो बंदही ठेवीत. अखेर जून २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये मोझिलाने तो मुळातच स्वीकारला. मधली चार वर्षे लिनक्सवर मराठी नीट वाचता आले ते नकलेतल्या बदलामुळे. मुळाबरहुकूम नक्कल आम्हाला निरुपयोगी होती, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे.

कारण याच सुमारास बदलाच्या अधिकारावरून डेबियन आणि मोझिला यांच्यात जुंपली. वसमतच्या वाचकाला हा तंटा चटकन समजेल. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. आता कोणीही कोठलीही हळद 'वसमत' म्हणून विकू लागला तर त्याला हरकत घेता येते. मोझिलाचे म्हणणे काहीसे असेच होते. संहिता घ्या, हवी तशी बदला. परंतु बदललेल्या मालावर आमचे नाव लावावयाचे तर बदल आधी आम्हाला दाखवा, आणि नावाबरोबर आमचे चित्रही लावा. डेबियनची अडचण दुहेरी होती. ते कोल्ह्याचे चित्र खुल्या परवान्याखाली नव्हते, म्हणून आपल्या नियमाप्रमाणे डेबियन ते घेत नसे. आणि प्रत्येक ठिगळाला परवानगी मागत बसले तर सुरक्षेची दुरुस्ती वेळेवर व्हावी कशी? फेब्रुवारी २००६ मध्ये मोझिलाच्या वतीने माइक कॉनर याने डेबियनच्या दोषनोंदवहीतच तक्रार दाखल केली, की तुम्ही आमचे नाव परवानगीवाचून वापरीत आहात. पुढले काही महिने बरेच शब्द खर्च झाले.

डेबियनने शेवटी नाव सोडले. एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या आवृत्तीत फायरफॉक्सच्या जागी 'आइसवीझल' आले. फायरफॉक्स म्हणजे आगीचा कोल्हा, तर हे बर्फातले मुंगसासारखे जनावर! थट्टा उघडच होती. खरे तर मोझिलाला तरी दुसऱ्यांच्या नावाच्या हक्काची झळ नवी नव्हती. याच ब्राउझरला आधी फिनिक्स आणि मग फायरबर्ड अशी नावे दिली होती, ती दुसऱ्यांची निघाली म्हणून टाकावी लागली. नऊ वर्षे डेबियनवाले बर्फातल्या जनावराबरोबर नांदले. सरकारी कचेरीत किंवा शाळेत डेबियन चालविणाऱ्याला 'हा फायरफॉक्सच आहे हो' असे किती वेळा समजावून सांगावे लागले असेल याची कल्पना करावी. २०१६ साली सिल्वेस्त्र लद्रू या गृहस्थाने समेट मांडला. तो मोझिलाचा नोकर आणि डेबियनचा कार्यकर्ता, म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा. चित्र एव्हाना खुले झाले होते, आणि डेबियनचे बदल मोझिलाला खुपेनासे झाले होते. त्याच वर्षी जुने नाव परत आले.

नावाच्या या तंट्यात बहुतेकांची सहानुभूती डेबियनकडे जाते. माझीही जाते. तथापि मोझिलाची भीती अगदीच पोकळ नव्हती, आणि याचा पुरावा डेबियननेच पुरविला.

त्याआधी पैठणला एक फेरी मारू. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. पुढली तीनशे वर्षे ती हातांनी उतरली गेली, आणि उतरणाऱ्यांत भाविक होते तसे कवीही होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये अशी स्पष्ट ताकीद शेवटी लिहून ठेवली. नाथांसारख्या समर्थ कवीला एखादी ओवी रचणे काय अवघड होते? पण त्यांनी दुरुस्तीचा अधिकार घेतला आणि भर घालण्याचा सोडला. संशोधकाचा हा संयम सर्वांपाशी नसतो. आणि असला तरी केवळ संयम पुरत नाही, मुळातली कोणती ओळ कशासाठी आहे याची जाणही लागते.

मे २००६ मध्ये डेबियनच्या एका कारभाऱ्याने ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या कार्यक्रमातून दोन ओळी काढल्या. दोष तपासणारे एक साधन त्या ओळींबद्दल कुरबूर करीत होते. त्याने मूळ कर्त्यांच्या टपालचर्चेत विचारलेही. कोणी ठामपणे अडविले नाही. त्या दोहोंपैकी एक ओळ म्हणजे किल्ल्या बनविताना जी यदृच्छा लागते ती आत ओतणारी पन्हळ होती. ती तुटली. त्यानंतर अशा यंत्रावर बनलेली प्रत्येक किल्ली त्या क्षणी चाललेल्या कामाच्या अनुक्रमांकावर अवलंबून राहिली, आणि ते अनुक्रमांक होते अवघे ३२,७६८. चोराने सगळ्या किल्ल्या आधीच पाडून ठेवाव्यात, एवढी सोपी गोष्ट. लुचिआनो बेल्लो याने हे हुडकले आणि १३ मे २००८ रोजी जाहीर झाले. दोन वर्षे जगभरच्या कित्येक संकेतस्थळांची प्रमाणपत्रे या कच्च्या किल्ल्यांवर उभी होती. ब्राउझरात कुलपाचे चित्र दिसे, पण कुलूप फुंकरीने उघडण्याजोगे. पॅकेजांवर सही करण्याची किल्ली निराळ्या कार्यक्रमाने बनविलेली असल्यामुळे ती वाचली.

आता ही सही म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण वसमतच्या टेबलावरचा संगणक ज्यावर विश्वास ठेवतो ती हीच. कारभारी आपल्या खाजगी किल्लीने सही करून गाठोडे पाठवितो. ही किल्ली त्याचीच आहे याची ग्वाही इतर कार्यकर्त्यांनी, सहसा समक्ष भेटून आणि ओळखपत्र पाहून, दिलेली असते; दुय्यम निबंधकापुढे ओळख पटविणारे साक्षीदार उभे राहतात तसे. मग डेबियनच्या कोठारात प्रत्येक गाठोड्याचा एक ठसा काढतात. हा ठसा म्हणजे गणिताने काढलेला आकडा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. सर्व ठशांची यादी करतात, त्या यादीचा पुन्हा ठसा घेतात, आणि त्या शेवटच्या कागदावर कोठाराची सही होते. माथ्यावरचा शिक्का आणि शेवटचे मोर्तब दोन्ही एकाच सहीत आले. सुरक्षेच्या दुरुस्त्यांच्या कागदावर तर मुदतही लिहिलेली असते. का, तर वाटेत बसलेल्या भामट्याने काहीही न बदलता केवळ मागल्या महिन्याची, खऱ्या सहीची, पण छिद्र असलेली यादी पुढे केली तर? अस्सल आहे, पण शिळे आहे! दस्तऐवज खरा असून घातक असू शकतो.

ही व्यवस्था आरंभापासून नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्ये एका कार्यकर्त्याचा चोरलेला परवलीचा शब्द वापरून कोणी डेबियनच्या चार यंत्रांत शिरला. कोठार बचावले, परंतु तोवर घरोघरचे संगणक आपण होऊन सही तपासत नसत. ती सक्ती २००७ च्या आवृत्तीपासून झाली. ऑगस्ट २००८ मध्ये रेड हॅटने जाहीर केले की घुसखोराने काही पॅकेजांवर कंपनीचीच सही करून घेतली होती. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावरचा दुवा बदलून कोणी लोकांना आतून पोखरलेली प्रत उतरवून घ्यावयास लावली. कुलपे चांगली होती. किल्ली कोठे ठेवली होती आणि दाराची पाटी कोणी फिरविली, हे दोन प्रश्न निराळेच ठरले.

आता राहिला काळाचा प्रश्न, आणि मला वाटते खरी लढाई तेथेच हरली गेली. किंवा म्हणा, शहाणपणाने सोडून दिली गेली.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीचे ब्रीद असे, की एकदा बाहेर पडली की तिच्यात नवे काही येणार नाही. कचेरीतला कारकून आज जे बटण दाबतो ते उद्या त्याच जागी सापडेल. छिद्र निघाले तर नव्या आवृत्तीतली तेवढी दुरुस्ती काढून जुन्या कापडाला ठिगळ लावावयाचे. हे बहुतेक कार्यक्रमांना साधते. ब्राउझरला साधत नाही. जून २००५ च्या आवृत्तीत फायरफॉक्स १.०.४ होता. मोझिलाने ती मालिका २००६ मध्ये थांबविली, आणि मग परक्याने विणलेल्या लाखो ओळींच्या वस्त्राला डेबियनचे मोजके स्वयंसेवक ठिगळे लावीत राहिले. २००७ मध्ये डेबियनच्या सुरक्षापत्रकांत एक कोरडे वाक्य येऊ लागले : जुन्या स्थिर आवृत्तीतल्या मोझिलाच्या कार्यक्रमांना यापुढे सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही. इतके साधे वाक्य, पण ज्याच्या घरी ती आवृत्ती होती त्याच्या खिडकीची कडी त्या दिवशी निघाली. कारण दुरुस्ती जाहीर होते ती सर्वांसाठी. जुनी संहिता आणि नवी संहिता शेजारी ठेवली की छिद्र नेमके कोठे होते ते चोरालाही दिसते. ज्याने ठिगळ लावले नाही त्याच्या घराचा नकाशाच छापून निघाल्यासारखा होतो.

२०११ पासून फायरफॉक्स दर सहा आठवड्यांनी नवा निघू लागला, २०२० पासून दर चार. गुगलचा क्रोमही २०२१ पासून चार आठवड्यांवर आला, आणि २०२३ पासून त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला निघू लागल्या. संस्थांची ओरड ऐकून मोझिलाने जानेवारी २०१२ मध्ये सुमारे वर्षभर सांभाळली जाणारी एक निराळी मालिका काढली. जून २०१३ मध्ये डेबियनने जाहीर केले, की ब्राउझराला यापुढे ठिगळे लावणार नाही, ही वर्षभराची मालिकाच जशीच्या तशी घेणार. स्थिरतेच्या ब्रीदाला हा अपवाद होता. मानी घराण्याने असा अपवाद लिहून मान्य करावा, यात मला कमीपणा दिसत नाही.

पण नवे वस्त्र विणायला नवा मागही लागतो. संहितेपासून कार्यक्रम बांधणारी साधनेही जुनी झालेली असतात. जानेवारी २०१५ च्या अखेरीस डेबियनला आपल्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीतील क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या खुल्या भावाचा, सांभाळ बंद करावा लागला, कारण तिथली बांधणीची साधने क्रोमियमच्या कर्त्यांना चालेनात. पुढे फायरफॉक्समध्ये रस्ट नावाची नवी संगणकभाषा शिरली, तेव्हा २०१८ मध्ये जुन्या घरात केवळ एका पाहुण्यासाठी नवी चूल मांडावी लागली. आणि माणसे? ऑगस्ट २०२१ मध्ये डेबियनची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तीत क्रोमियम ९० होते. जानेवारी २०२२ मध्ये ९७ आले, आणि दरम्यान बुजलेल्या छिद्रांची यादी एकाच पत्रकात आली, ती वाचता वाचता चहा निवावा इतकी लांब. या विलंबाला ना कोणाची फितुरी कारण झाली ना घुसखोरी. एवढे अवजड गाठोडे दर महिन्याला उचलायला फुकट राबणारे खांदे कमी पडले, इतकेच.

काही वितरणांनी मग हा भारच उतरविला. उबुंटूने २०१९ मध्ये क्रोमियम आणि २०२२ पर्यंत फायरफॉक्सही आपल्या नेहमीच्या कोठारातून काढून 'स्नॅप' नावाच्या निराळ्या मार्गाने द्यावयास आरंभ केला. फायरफॉक्सचे ते गाठोडे मोझिलाच बांधते. जानेवारी २०२२ मध्ये लिनक्स मिंटने मोझिलाशी करार करून त्यांचीच बांधणी घेतली. जानेवारी २०२४ पासून मोझिला डेबियनवाल्यांसाठी आपल्या सहीचे गाठोडे थेट आपल्या कोठारातून देऊ लागली. मूळ धन्याने स्वतःच नक्कल काढून दिली म्हणजे बरहुकूम आहे का हे विचारण्याचे कारण उरत नाही. पण मधे एक तिऱ्हाईत डोळा संहितेवरून फिरत असे, तोही उरत नाही. डेबियनने आपली रीत सोडलेली नाही. त्याच्या कोठारात मराठीचे गाठोडेही निराळे असते, आणि मूळ ब्राउझर पुढे सरकला की त्यालाही त्याच आवृत्तीचे होऊन मागोमाग यावे लागते.

आता जुने संगणक उरले आहेत. शहरातून मोडीत निघालेली बत्तीस बिटांची यंत्रे तालुक्याच्या गावी शाळांत, दुकानांत, अर्ज भरून देणाऱ्यांच्या टेबलांवर वर्षानुवर्षे लिनक्सच्या जोरावर चालत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ ने या यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. त्यानंतर महिन्याभरात मोझिलाने जाहीर केले, की लिनक्सच्या बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठी फायरफॉक्स १४४ हीच शेवटची आवृत्ती. दीर्घ मुदतीच्या १४० ला मात्र निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. ते यंत्र त्यानंतरही सुरू होईल, खिडकी उघडेल, सातबारा दिसेल, आणि त्यावरची डिजिटल सही पूर्वीइतकीच खरी असेल.